एका ‘र’ची करामत

ब्राउझरमध्ये एखाद्या लिंकवर टिचकी मारली की ‘पाहुणा कुठून आला’ हे सांगणारी एक चिठ्ठी सहसा पुढच्या साइटकडे जाते. तिचं नाव ‘रेफरर’. इंग्रजी स्पेलिंगच्या मध्यावर दोन ‘आर’ हवेत. ही चिठ्ठी सुचवणारा प्रस्ताव लिहिताना त्यातला एक गळला, चूक ध्यानात येईतो ती सगळीकडे पोचली आणि १९९६ च्या अधिकृत दस्तऐवजात तशीच छापली गेली. पुढे या चिठ्ठीत किती माहिती द्यायची हे ठरवणारी ‘रेफरर-पॉलिसी’ आली, तिच्यात मात्र दोन्ही ‘आर’ जागेवर! एकाच ब्राउझरमध्ये दोन्ही स्पेलिंगं आजही सुखानं नांदताहेत.

म्हणूनच ओपन सोर्समध्ये, म्हणजे खुल्या कोडच्या जगात, पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्यानं शुद्धलेखनाची दुरुस्ती हलकी मानू नये. डोनाल्ड क्नुथ म्हणजे संगणकशास्त्रातले भीष्माचार्य. त्यांच्या पुस्तकातली चूक पहिल्यांदा दाखवून देणाऱ्याला ते २.५६ डॉलरचा चेक पाठवायचे, कारण २५६ म्हणजे दोनचा आठवा घात. कित्येकांनी तो वटवलाच नाही, फ्रेम करून भिंतीवर लावला! २००८ पासून चेकऐवजी एका काल्पनिक बँकेचं प्रमाणपत्र मिळतं, मान तोच. त्यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामचा आवृत्तिक्रमांकही भन्नाट आहे: दुरुस्त्यांच्या दर फेरीत ‘पाय’चा एक अंक वाढतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ वर पोचला.

असे खुले प्रकल्प जिथे नांदतात त्या गिटहब या साइटवर ‘गुड फर्स्ट इश्यू’ ही पाटी शोधा. जाणत्यांनी नवख्यांसाठी मुद्दाम राखून ठेवलेली कामं तिथे सापडतात. ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ नावाची फाइल असेल तर ती आधी वाचा. मग फोर्क करून स्वतःची प्रत घ्या, वेगळ्या ब्रँचवर बदल करा, पुल रिक्वेस्ट, म्हणजे तो बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवा. झालं!

उगाच बदल मात्र नकोत. हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या ओपन सोर्स उपक्रमात चार पुल रिक्वेस्टवर टी-शर्ट मिळायचा. २०२० मध्ये त्या मोहापायी निरर्थक बदलांचा असा पूर लोटला की आयोजकांना ऐन ऑक्टोबरात नियम बदलावे लागले. तुमची प्रत्येक विनंती कुणीतरी, बरेचदा फुकट, आपली संध्याकाळ खर्चून तपासत असतं.

आणि आपल्याकडे तर ‘र’चा खजिनाच आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरातल्या. खुल्या परवान्याचे देवनागरी फॉन्ट कुणालाही तपासता येतात. मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बालू त्यातलेच. एखाद्या फॉन्टमध्ये दऱ्यांचा दर्या होत असेल, किंवा ‘ल’ आणि ‘श’ मराठीऐवजी हिंदी वळणानं उमटत असतील, तर ते हेरायला मराठी डोळाच लागतो. कोड लिहिता यायची अटसुद्धा नाही! शब्द, स्क्रीनशॉट, फॉन्टची आवृत्ती आणि हवं असलेलं रूप एवढं त्या फॉन्टच्या गिटहबवरच्या पानावर नीट नोंदवायचं. आज रात्रीच एखादा फॉन्ट उतरवून घ्या आणि टाइप करून बघा: ‘वऱ्हाडातल्या दऱ्या’.