बँकेतील ग्राहकसेवा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ग्राहकसेवा चांगली किंवा वाईट ठरते ती काउंटरवरील कर्मचाऱ्याच्या स्वभावामुळे, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे आणि त्यामुळेच सेवा सुधारण्याचे बहुतेक प्रयत्न नम्रतेच्या प्रशिक्षणापाशी येऊन थांबतात. ही समजूत पारखण्यासाठी भारतीय बँकांचे उदाहरण विशेष उपयोगी आहे. कारण १९७५ मधील तलवार समितीपासून १९९० च्या गोईपोरिया समितीपर्यंत आणि पुढे २०१० मध्ये नेमलेल्या दामोदरन समितीपर्यंत या विषयाचा वारंवार विचार झाला असून, त्यातून आणि रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांतून लेखी नियमांची एक चौकट उभी राहिली आहे.

गैरसमज १: ग्राहक नेहमी बरोबरच असतो.

वस्तुस्थिती: हे वचन विसाव्या शतकाच्या आरंभी शिकागोचे मार्शल फील्ड आणि लंडनचे हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज यांच्यासारख्या मोठ्या दुकानदारांच्या नावाशी जोडले गेले. मालाची पारख करण्याची सारी जबाबदारी खरेदीदारावर टाकण्याची रीत प्रचलित असताना, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचे ते व्यापारी धोरण होते. बँकेत ते जसेच्या तसे लागू होत नाही, कारण केवायसीची, म्हणजे ग्राहकाची ओळख आणि पत्ता पडताळण्याची अट, किंवा धनादेशावरील सही नमुना सहीशी जुळण्याची अट ग्राहकाच्या आग्रहाखातर शिथिल करता येत नाही. ग्राहकाची मागणी अमान्य होऊ शकते; मात्र तिची नीट दखल घेतली जाणे आणि नकाराचे कारण कळणे हा त्याचा हक्क आहे. याच विचाराने रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या योजनेत आंतरिक लोकपालाची तरतूद झाली. आंतरिक लोकपाल म्हणजे बँकेने नेमलेला, पण त्याच बँकेच्या सेवेत नसलेला अनुभवी अधिकारी; तक्रार पूर्णतः किंवा अंशतः फेटाळण्याचा निर्णय ग्राहकाला कळवण्यापूर्वी त्याच्या तपासणीतून जावा, अशी ही व्यवस्था आहे.

ग्राहकाला पाहुण्याचा मान देणारा आणि महात्मा गांधींच्या नावाने अनेक शाखांत लावलेला मजकूरही याच संदर्भात तपासून घ्यावा लागतो, कारण गांधीजींच्या संकलित वाङ्मयात तो आढळलेला नाही.

गैरसमज २: संवादात शब्दांचा वाटा केवळ सात टक्के असतो.

वस्तुस्थिती: प्रशिक्षणवर्गांत हमखास सांगितली जाणारी शब्द, स्वर आणि चेहरा यांची अनुक्रमे सात, अडतीस आणि पंचावन्न टक्क्यांची विभागणी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांतून आली. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवून आणि चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून, बोलणाऱ्याची भावना अनुकूल आहे की प्रतिकूल याचा अंदाज घेतला गेला होता. भावना आणि वृत्ती यांच्या पलीकडे ही सूत्रे लागू होत नाहीत, असे मेहराबियन यांनीच पुढे स्पष्ट केले. कर्जाचा व्याजदर, मुदत ठेव मोडल्यास होणारी कपात किंवा हरवलेले कार्ड बंद करण्याची रीत सांगताना अर्थ शब्दांतच असतो. म्हणूनच काउंटरवरील सूचनाफलक आणि ग्राहकांना दिले जाणारे छापील अर्ज हिंदी व इंग्रजीबरोबर प्रादेशिक भाषेतही असावेत असा दंडक आहे. महाराष्ट्रातील शाखेत मराठी भरणा चिठ्ठी ठेवणे हे त्या दृष्टीने सेवेचेच अंग ठरते.

गैरसमज ३: तक्रारी कमी, म्हणजे ग्राहक समाधानी.

वस्तुस्थिती: तक्रार कुठे करावी हे ठाऊक नसणे, पोच न मिळणे आणि पुन्हा त्याच खिडकीवर काम पडणार याची धास्ती असणे, या कारणांनीही तक्रारवही कोरी राहू शकते. त्यामुळे तक्रारदाराला जागच्या जागी पोच देता यावी यासाठी छिद्ररेषेवरून फाडता येणाऱ्या प्रतींची तक्रारवही शाखेत ठेवण्याची सूचना देण्यात आली. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँका, बिगरबँक वित्तसंस्था आणि डिजिटल व्यवहार यांच्यासाठीच्या तीन स्वतंत्र लोकपाल योजना एकत्र केल्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर ग्राहकाला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. अशी सोय झाल्यावर तक्रारींचा आकडा वाढला, तर त्याचा अर्थ सेवा खालावली असाच होत नाही. आधी दबलेले असमाधान नोंदीत येऊ लागले, असाही होऊ शकतो.

गैरसमज ४: कर्मचारी हसतमुख झाला की सेवा सुधारते.

वस्तुस्थिती: नोकरीची गरज म्हणून स्वतःची भावना आवरून ठरावीक भावना दाखवण्याच्या कामाला समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातील हवाईसेविकांच्या अभ्यासातून ‘भावनिक श्रम’ असे नाव दिले. ज्याच्याकडे माहितीही नाही आणि निर्णयाचा अधिकारही नाही, अशा कर्मचाऱ्याकडून प्रसन्नतेची अपेक्षा करणे म्हणजे या श्रमाचा भार वाढवणे होय. याउलट, एटीएममधून रोकड न मिळता खात्यातून रक्कम वजा झाली, तर ती पाच दिवसांत परत जमा व्हावी आणि पुढील विलंबासाठी दररोज १०० रुपये ग्राहकाने न मागता मिळावेत, हा २०१९ चा नियम कोणाच्या मनःस्थितीवर अवलंबून नाही. तो काउंटरवरील कर्मचाऱ्याला माहीत असेल, तर त्याला ठाम उत्तर देता येते. माहीत नसेल, तर त्याचे सौजन्यही टोलवाटोलवीसारखे वाटू लागते.

जेवणाच्या सुट्टीत काउंटर बंद राहणारच, ही समजूतही अशीच आहे. कामकाजाच्या वेळेत सेवा अखंड चालावी हे अपेक्षित असल्याने कर्मचाऱ्यांना आळीपाळीने जेवायला जावे लागते, आणि ही पाळी ठरवणे हे शाखा व्यवस्थापकाचे काम असते.

यावरून असे दिसते की सेवेतील सुधारणेचा आरंभ कार्यालयातील अंतर्गत संवादापासून करावा लागतो. नवे परिपत्रक शाखेतील शेवटच्या टेबलापर्यंत किती दिवसांत पोहोचते, कोणता निर्णय कोणत्या पातळीवर घेता येतो आणि फेटाळलेल्या तक्रारींतून कोणता नियम बदलला जातो, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे ज्या कार्यालयाकडे आहेत, तेथे नम्रतेच्या प्रशिक्षणाचाही उपयोग होतो. ती नसतील, तर त्या प्रशिक्षणावरील खर्च वाया जाण्याचीच शक्यता अधिक असते.