माथेरानच्या इंजिनातला पोकळ एक्सल

कसारा घाटात रेल्वे ३७ फुटांमागे एक फूट चढते आणि तेवढ्यासाठी कसाऱ्याला गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. मुंबईला जाऊन-येऊन असलेल्या नाशिककराला हे नव्यानं सांगायला नको. नेरळ-माथेरानचा चढ २० फुटांमागे एक फूट आहे. तिथे १९०७पासून १९८२पर्यंत वाफेची इंजिनं धावली, आणि मूळची होती अवघी चार. संपादकांनी ‘माथेरानच्या गाडीवर लिहा’ म्हटलं, तेव्हा मी गाडीपेक्षा या इंजिनांसाठीच निघालो.

इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, सुमारे १६ लाख रुपये. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ साली काम हाती घेतलं आणि मार्च १९०७मध्ये गाडी सुरू झाली. रूळ दोन फुटांचे, अंतर सुमारे २१ किलोमीटर. सल्लागार होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. बार्शी लाइट रेल्वे उभारणारे ते हेच. आपल्या नाशिक रोड ते गाव या जुन्या ट्रामलाही त्यांचाच सल्ला होता, त्यामुळे हा माणूस नाशिकला परका नव्हता.

इंजिनं आली जर्मनीच्या ऑरेनस्टाइन आणि कोप्पेल या कारखान्यातून. ७३८ ते ७४१ हे त्यांचे क्रमांक. नेरळला एक शोभेसाठी उभं करून ठेवलंय. लोक त्याच्यापुढे फोटो काढतात आणि चहाला जातात. मी खाली वाकून चाकांच्या मध्ये पाहिलं, कारण सगळी करामत तिथेच आहे.

चढावर ओढ हवी तर सगळी चाकं जोडून त्यांना एकदम ताकद द्यायला हवी. पण सहा चाकं एका ताठ सांगाड्यात घट्ट बसवली, तर डोंगरातल्या आवळ वळणावर ती रुळांना घासतात, अडकतात, नाहीतर उतरतात. क्लीन आणि लिंडनर या दोन जर्मन अभियंत्यांनी यावर तोड काढली. मधल्या चाकांचा एक्सल नेहमीसारखा. पुढच्या आणि मागच्या एक्सलभोवती मात्र जाड पोकळ नळी, आणि चाकं त्या नळीवर बसवलेली. आतला भरीव एक्सल सांगाड्यात जागच्या जागी फिरतो. त्याच्या मध्यावर एक गोळा आहे, माणसाच्या खुब्यातल्या सांध्यासारखा, आणि त्यातून आरपार गेलेली खीळ नळीला फिरवते. त्यामुळे वळण आलं की नळी चाकांसकट थोडी तिरपी होते, थोडी बाजूला सरकते. बाहेरचे क्रँक आणि जोडदांडे आतल्या एक्सलला बांधलेले, त्यांना याचा पत्ताच लागत नाही! ताकद सहाही चाकांना आणि वळणही मोकळं. इतक्या अडचणीच्या जागी इतकं स्वच्छ उत्तर मी फार थोड्या यंत्रांत पाहिलंय.

चढण्यापेक्षा उतरणं अवघड. डब्यांवर ब्रेकमन बसत आणि इंजिनाच्या शिटीवर हातानं ब्रेक आवळत. माथेरानची गाडी सुखरूप खाली आणण्याचं निम्मं श्रेय या माणसांचं आहे आणि त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

आता यातली मेख. जो सांधा इंजिनाला वळवतो, तोच सगळ्यात आधी झिजतो, आणि तो असतो नळीच्या पोटात. गोळा आणि खीळ ढिली झाली की चाकं रुळावर डोलायला लागतात, चाकांची कड झिजते. हात तिथे पोचत नाही. बघायचं तर इंजिनाखालून एक्सल काढायचा आणि नळी उघडायची. साध्या एक्सलवर हात बसलेल्या फिटरला हे काम येतंच असं नाही, आणि सुटा भाग मोडला तर तो घडवूनच घ्यावा लागतो. १९५०च्या दशकात जर्मनीच्याच युंग कारखान्याची डिझेल इंजिनं आली आणि वाफ मागे पडत गेली.

पुढे हौशी प्रवाशांसाठी पुन्हा वाफ आणायचं ठरलं, तेव्हा दार्जिलिंगचं बी वर्गाचं इंजिन इकडे आणलं गेलं. ते चांगलं इंजिन आहे, पण चारच चाकांचं. त्याची चाकं जवळजवळ असल्यानं ते वळतं, त्याला पोकळ एक्सल लागत नाही. माथेरानच्या डोंगरासाठी घडवलेली इंजिनं मात्र पांगली. ७४० अमेरिकेमार्गे इंग्लंडला गेलं, ७३८ दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

२०१९च्या पावसात या मार्गाची दाणादाण उडाली, तरी रेल्वेनं तो बांधून काढला आणि ऑक्टोबर २०२२मध्ये गाडी पुन्हा माथेरानला पोचली. ज्यांनी एवढं केलं त्यांच्याकडे थोडं मागणं आहे. एखाद्या इंजिनाचा एक्सल काढा, नळी उघडा, आतला गोळा आणि खीळ साफ करून नेरळला काचेआड ठेवा. शेजारी तो कसा फिरतो याचा मराठी फलक लावा. आणि जुन्या फिटरांपैकी ज्यांनी हे काम हातानं केलंय, त्यांना बोलावून ते लिहून घ्या. वाफ थांबली १९८२ साली. तेव्हा विशीत असलेला कामगार आज साठी ओलांडून गेलाय.