घर मोठं केलं, माणसं आतच होती

गेल्या श्रावणात रात्री साडेअकराला फोन वाजला. एका दवाखान्याचा लिनक्स सर्व्हर मी घरूनच सांभाळतो. लॅबचे रिपोर्ट साठतात ती डिस्क पूर्ण भरली होती. नवा रिपोर्ट चढेना, आणि आयसीयूत पेशंट.

धारवाडहून आलेल्या सासूबाई जाग्या झाल्या. "एनात्री?" मी सांगितलं. "मग एकदा बंद करून चालू करा की!" घरचा टीव्ही असता तर केलंही असतं. पण डॉक्टर जुने रिपोर्ट त्याच सर्व्हरवरून बघत होते.

आधी बॅकअप दुसरीकडे घेतला. हे सोवळं मी मोडत नाही. मग १०० जीबीची व्हर्च्युअल डिस्क २०० केली. तरी लिनक्सला जुनीच दिसते! शेजारचा प्लॉट घेतला तरी उताऱ्यावर नोंद नको का? ती नोंद म्हणजे 'रीस्कॅन'. एका ओळीची आज्ञा, रीबूट नाही.

पुढचं पाऊल कंपाउंडाचं, म्हणजे पार्टिशनचं. 'ग्रोपार्ट' मागची भिंत सरकवतो. पुढची जागची हलता कामा नये. सुरुवात चुकली तर आतलं सामान सापडायचं नाही. आमचं पार्टिशन डिस्कवर शेवटचं होतं, म्हणून मागं जागा मोकळी. नंतर एलव्हीएमचं काम: 'पीव्ही-रिसाइज', मग 'एलव्ही-एक्स्टेंड'.

राहिलं खुद्द घर, फाइलसिस्टिम. सवयीनं 'रिसाइज-टू-एफएस' टाइप केलं आणि पडद्यावर उमटलं 'बॅड मॅजिक नंबर'. पोटात गोळाच आला. मग ध्यानात आलं, ती आज्ञा ईएक्सटी४ ची. इथं होतं एक्सएफएस. रेड हॅटनं २०१४ च्या सातव्या आवृत्तीपासून तेच मूळ धरलंय, हे मला ठाऊक असून! नुकसान काही झालं नव्हतं. 'एक्सएफएस-ग्रो-एफएस' दिलं. ही आज्ञा तर फाइलसिस्टिम माउंट असतानाच चालते. क्षणात जागा दुप्पट दिसली.

पंधरा मिनिटांत तिकडून निरोप आला, रिपोर्ट चढायला लागले.

सासूबाईंनी चहा पुढं केला. "जास्त झाली तर जागा परत कमी करता येते?"

"ईएक्सटी४ असतं तर अनमाउंट करून आली असती. एक्सएफएस मात्र आकसत नाही असंच धरून चाला."

"अय्यो, मग २०० कशाला केली?"

दुसऱ्या दिवशी मी ८० टक्क्यांवर इशारा देणारी घंटा बसवली. ती आधीच बसवायला हवी होती, हे मी सासूबाईंना सांगितलेलं नाही.