पाणथळीच्या काठावरून – भाग ११ : शेपटीवरचा आकडा

हिवाळा लागला की नवख्या पक्षिनिरीक्षकांचा एक फोटो हमखास येतो. गावतळ्यात एक पांढरंशुभ्र बदक, आणि खाली प्रश्न : 'हे कुठून स्थलांतर करून आलं असेल?' उत्तर बहुतेक वेळा 'शेजारच्या वाडीतून' असं असतं. गेल्या भागात थापट्या आणि तलवार बदक या परदेशी पाहुण्यांना भेटलो. आज घरच्या मंडळींकडे वळू, कारण ती ओळखता आली नाहीत तर रानबदकांची गणती बिघडते.

जगातली जवळजवळ सगळी पाळीव बदकं मॅलार्ड या एकाच रानबदकाची वंशज आहेत. पांढरं पेकिन त्याचंच, खाकी कॅम्पबेल त्याचंच, मान ताणून ताठ चालणारं इंडियन रनरही त्याचंच. (या शेवटच्याचं मूळ गाव इंडोनेशियाची बेटं, 'इंडियन' कसं झालं ते नाव ठेवणाऱ्यालाच ठाऊक.) मॅलार्डच्या नराची शेपटी दुर्बिणीतून नीट पाहा. मधली काही काळी पिसं वर उचलून पुढे वळलेली असतात, त्यांचा चांगला गोल आकडा होतो. माणसाने पेकिनचा रंग पुसून टाकला, वजन तिपटीच्या आसपास नेलं, पण आकडा तसाच राहिला. फक्त पांढरा झाला.

आपल्याला हे फार सोयीचं आहे. आपल्याकडच्या हळदी-कुंकू, अडई, काणूक, नकटा यांपैकी कुणालाही असा आकडा नसतो. खुद्द मॅलार्ड हिवाळ्यात उत्तर भारतात उतरतं, महाराष्ट्रात मात्र तुरळकच. त्यामुळे गावतळ्यावर आकडेवालं बदक दिसलं तर ते पाळीव, असं म्हणायला फारशी हरकत नाही. उलट मात्र खरं नाही. माद्यांना आणि पिल्लांना आकडा येत नाही, पिसं झडण्याच्या काळात नराचाही गळून जातो.

मग अंगलट पाहायची. मॅलार्ड जेमतेम सव्वा किलोचं, पेकिन साडेतीन-चार किलोचं, आणि हे सगळं वजन मागे आणि पोटाखाली साठलेलं. म्हणून ते डुलत चालतं आणि पंख फडफडवूनही हवेत टिकत नाही. हळदी-कुंकू मात्र पाण्यावरून धाव न घेता थेट वर उसळी मारतं. डार्विनने पाळीव बदकाची आणि रानबदकाची हाडं तोलून पाहिली होती. पाळीव बदकात सगळ्या सांगाड्याच्या मानाने पंखाची हाडं हलकी आणि पायाची जड भरतात, असं त्याने १८५९ च्या ग्रंथात नोंदवलं आहे. त्याने दिलेलं कारण आता जुनं झालं; मोजमाप वाचण्यासारखंच आहे.

खरी पंचाईत खाकी कॅम्पबेलच्या मादीची. ती तपकिरी, आटोपशीर बांध्याची, लांबून अगदी रानातली वाटते. जवळून पाहिलं की तिचा खाकी रंग बराचसा सपाट दिसतो. हळदी-कुंकूच्या प्रत्येक पिसाला फिकट कड असते, त्यामुळे अंग खवल्यांचं दिसतं. डोळ्यातून गडद रेघ जाते, बसल्यावर पंखाच्या मागच्या भागावर पांढरा पट्टा उठून दिसतो. चोच काळी, टोकाला पिवळी, कपाळाशी दोन तांबडे ठिपके. एवढं सगळं एकाच पक्ष्यात असेल तर शंका उरत नाही. आणखी एक खूण वागण्यातली : कॅम्पबेल अंडी भरपूर देते, पण उबवायला सहसा बसत नाही, म्हणून पाळणारे तिची अंडी कोंबडीखाली ठेवतात. पावसाळ्यात पाणगवतातून पिल्लांची रांग घेऊन निघालेली तपकिरी आई दिसली, तर ती हळदी-कुंकूच असण्याचा संभव अधिक.

मॅलार्डच्या वंशातलं नसलेलं एकच पाळीव बदक, मस्कोव्ही. मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. आकडा नाही, 'क्वॅक' नाही, नर नुसता फुसफुसतो. माद्या चांगल्या उडतात, झाडावरही बसतात. पाठ काळी, चकाकती, म्हणून त्याला नकटा समजण्याची चूक फार होते. नकट्याच्या नराच्या चोचीवर काळपट मांसल उंचवटा असतो, विणीच्या दिवसांत तो फुगतो. मस्कोव्हीच्या डोळ्याभोवती आणि चोचीच्या मुळाशी उघडी, लाल, चामखिळींची कातडी असते. तेवढा लाल रंग दिसला की नकट्याचं नाव सोडून द्यावं.

माणसाला न बुजणं ही खूण मी मोजत नाही. रोज दाणे मिळणारी रानबदकंही धीट होतात.

ही ओळख नुसत्या हौसेपुरती नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानबदकं पकडायला आणि पाळायला बंदी आहे. बाजारात पिंजऱ्यातली अडई दिसली तर वनखात्याला कळवायला हवं. दुसरीकडे, हौस फिटली की पाळीव बदकं तळ्यात सोडून देणारेही आहेत. एप्रिलमध्ये तळं आटलं की रानबदकं दुसरं पाणी शोधतात, पेकिनला ते जमत नाही. न्यूझीलंडमध्ये तर बाहेरून आणलेल्या मॅलार्डने तिथल्या राखी बदकाशी इतका संकर केला की शुद्ध राखी बदक सापडणं अवघड झालं.

तेव्हा फोटो पाठवताना नुसता चेहरा नको. बाजूने घ्या, शेपटी आणि मिटलेला पंख दिसू द्या. ई-बर्डवर नोंद करत असाल तर पाळीव मॅलार्ड आणि पाळीव मस्कोव्ही यांना यादीत स्वतंत्र जागा आहे, तिथेच त्यांना बसवा. पुढच्या आठवड्यात चक्रवाक.