घुमटावरचा काटा काय सांगतो, काय सांगत नाही

जपानी भाषेत ‘कामाडो’ म्हणजे चूल. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये असलेल्या अमेरिकी सैनिकांना तिथली भात शिजवायची, जड झाकणाची मातीची चूल आवडली आणि ती त्यांच्याबरोबर अमेरिकेला गेली. १९७४ साली अटलांटा शहरात एड फिशर यांनी ‘बिग ग्रीन एग’ हा व्यवसाय सुरू केला. मातीची चूल तडकायची, म्हणून पुढे तिची जागा टणक सिरॅमिकने घेतली. आज या अंड्याच्या आकाराच्या, कोळशावर चालणाऱ्या भट्टीच्या झाकणावर, म्हणजे घुमटावर, थर्मामीटरची एक गोल तबकडी असते आणि तिच्यात फिरणारा काटा. पुण्यात बिबवेवाडीत बंगल्याच्या अंगणात किंवा मोकळ्या गच्चीवर अशी भट्टी मांडली, की पाककृतीइतकाच भरवसा या काट्यावर ठेवला जातो. पदार्थ बिघडला की पहिला संशयही त्याच्यावरच येतो, आणि चांगला थर्मामीटर काढून नवा बसवला जातो. काट्याविषयीच्या बहुतेक तक्रारी नीट तपासल्या, तर असे दिसते की काटा त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर देत असतो. आपण मात्र ते उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला लावतो. म्हणून बदलण्याआधी त्याला समजून घ्यायला हवे.

गैरसमज १ : काट्यावरचा आकडा म्हणजे जाळीवरचे तापमान

काटा फक्त आपल्या दांड्याच्या टोकाभोवतीच्या हवेचे तापमान सांगतो आणि ते टोक जाळीच्या बरेच वर, घुमटाखाली लटकत असते. निखारे आणि जाळी यांच्यामध्ये उष्णता अडवणारी सिरॅमिकची थाळी ठेवली, की गरम हवा थाळीच्या कडेने वर चढते आणि आधी घुमट तापवते. अशा वेळी जाळीचा मधला भाग घुमटापेक्षा थंड असतो. सुरुवातीच्या अर्ध्या-पाऊण तासात हा फरक कधी दहा, कधी वीस-पंचवीस अंशांचाही असतो. भिंती पुरेशा तापल्या की तो कमी होत जातो. थाळी काढून थेट निखाऱ्यांवर भाजायला घेतले, की गणित उलटते. निखाऱ्यांची धग जाळीला सरळ लागते आणि जाळी घुमटापेक्षा कितीतरी जास्त तापते. फ्रिजमधून काढलेला कोंबडीचा मोठा तुकडा दांड्याच्या टोकाजवळ आला, तर काटा उगाच कमी दाखवतो, आणि टोक मांसाला टेकले तर तो भट्टीचे तापमान सांगायचेच थांबवतो. पुणेकरांना हे नवे वाटू नये. उन्हाळ्यात शिवाजीनगरचे आणि लोहगावचे कमाल तापमान वेगवेगळे छापून येते. म्हणून कोणी एका ठिकाणचा थर्मामीटर खोटा ठरवत नाही. दोन्ही आकडे खरे असतात, फक्त जागा वेगळ्या. घुमट आणि जाळी यांचेही तसेच आहे.

यावर कोणी म्हणेल, मग जाळीचे तापमान न सांगणारा काटा हवाच कशाला? उत्तर असे, की स्वयंपाकात नेमक्या आकड्याइतकाच उपयोग बदलाची दिशा कळण्याचा असतो. तापमान चढते आहे, उतरते आहे की स्थिर आहे, हे झाकण न उघडता आणि बॅटरीशिवाय सांगणारे दुसरे साधन भट्टीवर नसते. आपल्या भट्टीत घुमट आणि जाळी यांच्यात किती अंतर राहते, हे जाळीवर ठेवता येणाऱ्या वेगळ्या प्रोबने दोन-तीनदा पाहून लिहून ठेवले, की तोच काटा जाळीसाठीही कामाला येतो.

गैरसमज २ : उकळत्या पाण्यात १०० दाखवले नाही, म्हणजे थर्मामीटर बिघडला

ही चाचणी चांगली आहे, पण तिचे उत्तर गावागणिक बदलते. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते ते समुद्रसपाटीवर. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो आणि साधारण दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू एक अंशाने खाली येतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे ते सहाशे मीटर उंचीवर आहे. त्यामुळे बिबवेवाडीत उघड्या पातेल्यातले पाणी सुमारे ९८ अंशांना, म्हणजे २०८ फॅरनहाइटला उकळते. महाबळेश्वरला तेच साडेपंचाण्णवच्या आसपास. म्हणजे बिबवेवाडीत ९८ दाखवणारा काटा बरोबर आहे, आणि त्याच्यामागचे नट फिरवून त्याला १०० वर आणणारा माणूस चांगल्या थर्मामीटरमध्ये स्वतःच्या हाताने चूक भरतो.

घुमटावरच्या तबकडीवर दहा-दहा अंशांच्या रेघा असतात, मग दोन अंशांचा एवढा बाऊ कशाला, असे कोणी विचारेल. भट्टीच्या हवेसाठी दोन अंश क्षुल्लक आहेत, हे मान्य. पण याच पद्धतीने मांसात खुपसायचा बारीक थर्मामीटरही तपासला जातो आणि तिथे दोन अंश क्षुल्लक नाहीत. अमेरिकी कृषी खात्याच्या निकषाप्रमाणे कोंबडी आतून ७४ अंशांपर्यंत शिजायला हवी. तो थर्मामीटर ९८ ऐवजी १०० वर ‘दुरुस्त’ केला, तर तो ७४ दाखवेल तेव्हा आत खरे ७२ च असतील. चाचणी करताना आणखी एक चूक होते. दांड्याचे फक्त टोक पाण्यात बुडवले जाते. या थर्मामीटरचा जाणता भाग टोकाच्या बिंदूत नसतो, शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये पसरलेला असतो. म्हणून किमान पाच-सहा सेंटिमीटर दांडा खळखळत्या पाण्यात हवा, तळाला न टेकता, आणि काटा पूर्ण थांबेपर्यंत दोन मिनिटे तरी धीर हवा.

गैरसमज ३ : एकदा नट फिरवून जुळवला, की सगळीकडे बरोबर

हे समजण्यासाठी दांड्याच्या आत पाहायला हवे. तिथे एकमेकांना चिकटवलेल्या दोन धातूंची पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. एक धातू तापल्यावर बराच प्रसरण पावतो, दुसरा जेमतेम. अशा पट्टीसाठी नावाजलेला कमी पसरणारा धातू म्हणजे इन्व्हार, लोखंड आणि निकेल यांचा मिश्रधातू. शार्ल एदुआर ग्योम यांनी तो १८९६ साली शोधला आणि निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंवरील कामासाठी त्यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. तापल्यावर दोन धातूंची ओढाताण होते, वेटोळे पीळ घेते, त्याला जोडलेली सळई फिरते आणि तबकडीवर काटा सरकतो. या साऱ्यात बॅटरी नाही, वायर नाही. मागचे नट वेटोळ्याचा स्वभाव बदलत नाही, ते फक्त काटा आणि तबकडी यांचे नाते सरकवते. त्यामुळे पाच अंशांची चूक सगळीकडे सारखी असेल तर नट ती काढून टाकते. वेटोळेच थकले असेल तर खाली जुळवलेला काटा वर चुकतो. शिवाय चांगल्या तबकड्यांची अचूकताही पूर्ण व्याप्तीच्या एक-दोन टक्के धरली जाते. ५० ते ४०० अंशांच्या तबकडीवर दोन टक्के म्हणजे सात अंश. एवढा फरक हा दोष नसून त्या साधनाची मर्यादा आहे. म्हणून उकळत्या पाण्याबरोबर दुसरी तपासणीही करावी. भट्टी १८० अंशांच्या आसपास स्थिरावली, की भरवशाच्या डिजिटल प्रोबचे टोक घुमटाच्या दांड्याशेजारी धरून दोन आकडे ताडून पाहावेत.

गैरसमज ४ : झाकण उघडल्यावर काटा खाली आला, म्हणजे आग मंदावली

झाकण उघडताच घुमटातली गरम हवा निघून जाते आणि दांडा थंड हवेत येतो. काटा तेवढेच सांगतो. जाड सिरॅमिकमध्ये साठलेली उष्णता मात्र जागच्या जागी असते. झाकण लावून दहा-पंधरा मिनिटे थांबले, की काटा आपोआप मूळ जागेजवळ येतो. घाईने खालची हवेची खिडकी उघडली, तर निखारे फुलतात आणि काटा हव्या त्या आकड्याच्या पुष्कळ पुढे जातो. मग तापलेले सिरॅमिक लवकर निवत नाही. याच घाईत आणखी एक घोळ होतो, फॅरनहाइटचा. अमेरिकी पाककृतीतले मंद आचेचे २२५ म्हणजे आपले १०७ अंश. ते सेल्सिअस समजून भट्टी २२५ वर नेली, तर आठ तासांचा पदार्थ दोन तासांत करपतो आणि दोष पुन्हा काट्यावर येतो.

गैरसमज ५ : काच धूसर झाली की बदलायचा, आणि बदलायला कोणताही चालतो

काचेआड वाफ साठणे किंवा दांड्यावर काजळी आणि तेलकट राप चढणे हे म्हातारपणाचे लक्षण असेल, मरणाचे नाही. दांडा कोमट पाणी आणि मऊ घासणीने पुसावा, काचेआडची वाफ उन्हात जाऊ द्यावी आणि मग चाचणी घ्यावी. बदलण्याची खरी कारणे मोजकीच आहेत. काटा अडखळत असेल, भट्टी पूर्ण गार झाल्यावरही मूळ जागी परतत नसेल, दोन तापमानांना दोन वेगळ्या चुका दाखवत असेल किंवा तबकडीच्या कमाल आकड्यापलीकडे जाऊन आला असेल, तर वेटोळे कायमचे वाकले असे समजावे. हवा कोंडलेल्या तापल्या भट्टीचे झाकण झटकन उघडले की ज्वाळा उसळतात, आणि काटा असा पलीकडे जाण्याचा अपघात तेव्हाही होऊ शकतो. नवा घेताना नावापेक्षा मापे पाहावीत : झाकणाच्या भोकाचा व्यास, क्लिपने बसतो की नटाने, दांड्याची लांबी आणि तबकडीची व्याप्ती. दांडा फार लांब असेल तर तो पदार्थात घुसतो. फार आखूड असेल तर जाणता भाग सिरॅमिकच्या जाडीतच अडकतो आणि हवेऐवजी झाकणाचे तापमान सांगतो. इन्फ्रारेडची बंदूक याला पर्याय नाही. ती पृष्ठभागाचे तापमान मोजते, हवेचे नाही. पिझ्झाच्या दगडासाठी ती उत्तम.

गैरसमज ६ : जाणत्या हाताला काट्याची गरजच नाही

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण त्यामागे खरे कसब आहे. तंदूरवाल्याला तबकडी लागत नाही. रायगडात पोपटी लावणारे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरतात, तोंड पाल्याने गच्च बंद करून ते जाळात उपडे ठेवतात आणि शेवटी मडक्यावर पाण्याचा शिपका मारतात. पाणी चर्रकन उडून गेले की पोपटी झाली. हाही थर्मामीटरच आहे, आणि अचूक. पण तो का चालतो, ते पाहावे. मडके तेच, शेंगा त्याच, जाळ तोच, वेळ अर्ध्या तासाच्या आसपास आणि मागे अनेक हिवाळ्यांचा सराव. बाहेरून मडके तापले की आत काय झाले असेल, हे त्या हाताने असंख्य वेळा पडताळलेले असते. तंदूरमध्ये रोटी मिनिटा-दोन मिनिटांत स्वतःच निकाल देते. बंद सिरॅमिक भट्टीत पदार्थ आठ तास नजरेआड राहतो आणि चूक कळते तेव्हा दुरुस्तीची वेळ गेलेली असते. म्हणजे जाणता हात आणि काटा यांच्यात वैर नाही. दोघेही एका जागेची खूण वाचून दुसऱ्या जागेचा अंदाज बांधतात आणि दोघांनाही आधी पडताळा लागतो.

तो पडताळा महाग नाही. एक पातेले उकळते पाणी, ९८ हा आकडा, जाळीवर एक प्रोब आणि वहीच्या पानावर चार नोंदी एवढेच लागते. त्यात काटा नापास झाला तर खुशाल बदलावा. पण नवा काटाही घुमटाखालीच लटकणार आणि घुमटाचेच तापमान सांगणार. जाळीपर्यंतचे अंतर आपल्यालाच मोजून ठेवावे लागेल.