वाघाला सापडलेली वाट

डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात एक वाघ दिसला. बालाघाटाच्या त्या टापूत वाघ म्हणजे आजोबांच्या गोष्टीतली चीज. अंगावरचे पट्टे ताडून पाहिले, तेव्हा कळले की हा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा आहे. साडेचारशे ते पाचशे किलोमीटर चालून आला, असे बातम्यांत आले. मी चहाचा कप बाजूला सारला, महाराष्ट्राचा नकाशा पसरला आणि मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन टिपेश्वरपासून येडशीपर्यंत रेघ ओढली. ती आमच्या लोह्याच्या अगदी जवळून गेली!

वाघ काही पट्टी लावून चालत नाही. ओढे-नाले, उसाचे फड, तरवड-हिवराचे माळ धरून तो वळसे घेत गेला असणार. तरीही त्या रेघेने मला पुढे आठ दिवस स्वस्थ बसू दिले नाही. पाच वर्षांपूर्वी, २०१९ मध्ये, त्याच टिपेश्वरचा, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला दुसरा एक वाघ बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला होता. त्याची तेराशे किलोमीटरची भ्रमंती तेव्हा जगभर गाजली. म्हणजे रानातून रानात जाणारी वाट आजही आहे. तुटक असेल, पण आहे. मग ती आपल्याला का सापडत नाही?

आपल्याला सापडत असे. मार्गशीर्षाच्या अखेरीस माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट, बैल असा बाजार तिथे लागतो. पूर्वी ही जनावरे ट्रकात बसून येत नसत, आपल्या पायांनी येत. धनी पुढे, जनावर मागे. मुक्काम गायरानात, पाणी ओढ्याचे, आणि वाट पांदणीची. दोन्ही बाजूंना बोरी-बाभळी, मध्ये बैलगाडी जाईल एवढी मोकळी जमीन. ती कुणाच्याच सातबाऱ्यावर नसे, म्हणून सगळ्यांची असे. लोह्याहून कंधारला किल्ला पाहायला आम्ही शाळकरी पोरे अशाच आडवाटेने गेलो होतो. त्या खंदकाचे पाणी आणि राष्ट्रकूटांच्या वेळचा तो थोरला तलाव पाहून परत येताना पायांचे तुकडे पडले होते, पण डांबरी सडक आम्ही एकदाच ओलांडली. आज तोच रस्ता मुलीला दाखवावा म्हणून निघालो, तर दुसऱ्याच शिवेवर तूर उभी.

डोंगरवाटा म्हटले की आपल्याकडच्या पुरवण्या सह्याद्रीकडे तोंड करतात. राजगड, हरिश्चंद्रगड, झालेच तर सांदण दरी. मराठवाड्यातल्या माणसाने रानात चालायचे असेल तर पुण्याची गाडी पकडावी, असाच एकूण सूर. प्रत्यक्षात आमच्याच जिल्ह्याच्या उत्तरेला किनवट-माहूरचे सागवान आहे. मे महिन्यात ते पाहावे. पाने झडलेली, खाली पाचोळ्याचा थर असा, की आपल्याच पावलाच्या आवाजाने आपण दचकतो. मोहाची फुले वेचून झालेली असतात आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायामाणसांच्या वाटा मात्र ताज्या असतात. गोंड, कोलाम, आंध यांच्या पायांनी पडलेल्या या वाटा कुठल्या माहितीपुस्तिकेत नाहीत. त्या पाणवठ्याकडून पाणवठ्याकडे जातात. चढ आला की उगाच शौर्य न दाखवता डोंगराला बगल देतात. चालायचे कसे, हे त्या वाटेकडूनच शिकावे.

इस्लापूरजवळ पैनगंगा काळ्या कातळावरून खाली झेपावते, तो सहस्रकुंड धबधबा. अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. पावसाळ्यात तुषारांनी समोरचा काठ दिसत नाही. उन्हाळ्यात पाणी आटले की कातळाची खरी रचना उघडी पडते. लाव्हारसाचा दगड पाण्याने कोरून कोरून केलेल्या त्या घळी पाहताना मला आमच्या भाच्याने पाठवलेले छायाचित्र आठवते. तो अमेरिकेतल्या ॲरिझोनात असतो. तिथली ग्रँड कॅनियन ही दरी दीड किलोमीटरहून खोल. १९१९ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. वाळवंटी मुलूख आणि सगळी जमीन सरकारी, म्हणजे जनतेची. आपल्या गडांच्या नेमके उलट तिथे आधी उतरायचे असते आणि दमल्यावर चढायचे. उतरणे तुमच्या मर्जीचे, पण वर येणे सक्तीचे, असे तिथे बजावून सांगतात. वाट कुठे सुरू होते, पाणी कुठे मिळेल, ऊन किती वाजता टाळावे, याची पाटी. हे वाचून मला दरीचा नव्हे, त्या पाटीचा हेवा वाटला. सहस्रकुंडच्या अलीकडे-पलीकडे पैनगंगेच्या नावाचे अभयारण्य आहे. तिथे जायचे तर वनखात्याची परवानगी हवी, आणि ते योग्यच आहे. पण ती घेऊन कुठल्या वाटेने चालावे, हे सांगणारी एक पाटी असायला कोणाची हरकत असावी?

माहूरला मात्र पाटीची गरज नाही. रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूया अशी तीन शिखरे, खाली मातृतीर्थ, आणि डोंगराला वळसा घालणारी राखी पौर्णिमेची परिक्रमा. भर श्रावणात, चिखल तुडवत हजारो माणसे रानातून चालतात. त्यांना कोणी गिर्यारोहक म्हणत नाही. नऊवारी नेसलेली सत्तरीची बाई अनवाणी पुढे जाते आणि महागडे बूट घातलेला तरुण मागे धापा टाकतो, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिले आहे. (तो तरुण माझाच पुतण्या होता.) वर्षातून एकदा का होईना, इतके पाय पडतात म्हणून ती वाट जिवंत आहे. पाय थांबले की वाट बुजते. मग तिथे नांगर येतो.

जमीन जनतेची, असे म्हणणे सोपे आहे. जनता म्हणजे कोण, हा खरा प्रश्न. किनवटचा भाग १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याच आदिलाबादच्या जंगलात गोंडांचा नेता कोमाराम भीम निजामी सत्तेशी लढला आणि १९४० मध्ये मारला गेला. भांडण रानावरच्या हक्काचेच होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानात राहणाऱ्यांचे हक्क मान्य केले, पण तोवर मधे सहा-साडेसहा दशके गेली होती. गायरानाचेही तसेच. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, १९६४ च्या सत्याग्रहात माणसे हजारोंनी तुरुंगात गेली, ती पडीक सरकारी जमीन कसायला मिळावी म्हणून. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढा असे सांगितले, तेव्हाही सरकारी आदेशाने भूमिहीनांना, दलित-आदिवासींना पट्टे दिलेल्या जमिनींचा अपवाद करता येईल असे म्हटले. तेव्हा आम्हा रविवारच्या चालणाऱ्यांना वाट हवी म्हणून कोणाच्या दोन एकरांवर बोट ठेवू नये. पांदण खाल्ली ती त्यांनी नव्हेच.

ती कोणी खाल्ली, हे मला घरात बसूनच सांगता येते. गावच्या नकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेघेने दाखवतात आणि पायवाट एकेरी. शिवेवरची वाट अडली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते, कायदा आहे. कंधारच्या त्या वाटेवर तूर पाहून मी चिडून गावनकाशाची नक्कल काढली. कोणी अडवले ते शोधून अर्ज करायचाच, असा बेत. तुटक रेघेवर बोट ठेवून एकेक गट नंबर मागे मागे येत गेलो, तो आमच्याच गटापाशी आलो. दर पेरणीला एकेक तास, अशी पन्नासेक वर्षे ती पांदण आमच्या रानात सरकली होती. नांगर आजोबांचा, मग वडिलांचा, मग भावाचा. सध्या दुहेरी रेघ आमच्या आखाड्यावरच्या गोठ्याच्या मधोमध जाते.

अर्ज लिहिलेला नाही. एका रविवारी भाऊ, मी आणि मुलगी टेप घेऊन रानात गेलो आणि चुन्याने आखणी केली. गोठा हलवायला भाऊ तयार आहे, फक्त रब्बी निघू दे म्हणतो. शेजारचे दोघे बांधावर उभे राहून बघत होते; चुना आपल्या बांधापर्यंत येतो का, याची काळजी त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. आई मात्र अजून ऐकायला तयार नाही. “वाट मोकळी केली तर वाघ आपल्याच गोठ्यावरून जाईल की रे,” म्हणते.