ओरेगॉनचं तिकीट, कर्वेनगरचं बोट

रात्रीची जेवणं उरकली, भांडी आवरली, आणि पुण्याच्या कर्वेनगरातल्या कुणीतरी मोबाइलवर सहा आकडे निवडून अमेरिकेतल्या ‘पॉवरबॉल’ लॉटरीवर पैसे लावले. ॲप म्हणालं, अभिनंदन, तुमचं तिकीट घेतलं. बरं, पण कुठे आहे ते?

उत्तर मोठं गमतीचं आहे. अशा सेवांपैकी काहींचा एक माणूस तिथे खरोखर दुकानात जातो, तुमच्या आकड्यांचं कागदी तिकीट छापून घेतो, त्याचा फोटो तुम्हाला पाठवतो आणि मूळ तिकीट कपाटात ठेवतो. मंडईला निघालेल्या शेजाऱ्याकडे आंब्याची पेटी सांगावी, तसंच हे. फक्त हा शेजारी तुम्ही कधी पाहिलेला नाही आणि पेटीत कोट्यवधी रुपये निघू शकतात!

आणि निघालेतही. ऑगस्ट 2015 मध्ये बगदादच्या एका माणसाला ओरेगॉन राज्याच्या ‘मेगाबक्स’चं 64 लाख डॉलरचं बक्षीस लागलं. तिकीट छापलं गेलं होतं बेंड नावाच्या गावात, अशाच एका सेवेमार्फत. लॉटरीच्या अधिकाऱ्यांनी सगळं तपासलं, तो स्वतः तिथे जाऊन उभा राहिला आणि बक्षीस त्याचंच ठरलं. म्हणजे हा सगळाच धंदा थापांचा नाही.

आता टेक्सासची गंमत बघा. तिथल्या लोटोत 54 पैकी 6 आकडे निवडायचे. असे वेगवेगळे संच होतात 2 कोटी 58 लाख 27 हजार 165. एका संचाला एक डॉलर. एप्रिल 2023 मध्ये बक्षीस साचत साचत साडेनऊ कोटी डॉलरवर गेलं. मग सगळेच संच विकत घेतले तर? हिशेब शाळकरी पोरालाही सुचेल, पण तिकिटं छापणार कशी? तीन दिवसांत उरकायचं तर सेकंदाला सुमारे शंभर संच! एका गटाने ते करून दाखवलं. ऑनलाइन तिकीट सेवांशी जोडलेली मोजकी दुकानं हाताशी धरून त्यांनी जवळपास सगळे संच छापून घेतले. 22 एप्रिलच्या सोडतीत त्यांचाच नंबर लागला आणि 5 कोटी 78 लाख डॉलर एकरकमी मिळाले. मला तर यातल्या गणितापेक्षा त्या छपाईचंच जास्त नवल वाटतं. पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये आणखी एक प्रचंड बक्षीस अशाच ॲपवरून घेतलेल्या तिकिटाला लागलं, ओरड झाली आणि टेक्सासने या सेवांवर बंदी आणली. त्याच वर्षी 1 सप्टेंबरला तिथला लॉटरी आयोगच गुंडाळला गेला.

दुसरी तऱ्हा याहून भन्नाट. तिच्यात तिकीटच घेत नाहीत! कंपनी फक्त निकालावर तुमच्याशी पैज लावते आणि मोठ्या बक्षिसाचा विमा उतरवून ठेवते. 2018 मध्ये बर्लिनच्या एका सफाई कामगार बाईंना असे 9 कोटी युरो मिळाले. जुन्या मुंबईकराला हे ओळखीचं वाटेल. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले भाव टेलिप्रिंटरवर मुंबईत यायचे आणि त्या आकड्यांवर इथे पैसे लागायचे. ते भाव बंद झाल्यावर आकडे मडक्यातून निघू लागले, तोच मटका. त्याला कायदेशीर पर्याय म्हणून 12 एप्रिल 1969 ला महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली.

मग विश्वास ठेवायचा का? इथे खरी मेख आहे. पॉवरबॉलचं पहिलं बक्षीस लागण्याची शक्यता 29 कोटी 22 लाखांत एक. समजा एखाद्या ॲपवाल्याने तिकीट काढलंच नाही, किंवा एकाच तिकिटाचा फोटो दहा जणांना पाठवला. किरकोळ बक्षिसं तो खिशातून देईल. तो पकडला जाणार मोठं बक्षीस लागेल तेव्हाच, आणि ते जवळजवळ कधीच लागत नाही! ज्या गणितामुळे तुम्ही हरता, त्याच गणिताआड लबाड दडून राहतो. प्रामाणिक आणि लबाड ॲप वर्षानुवर्षं हुबेहूब सारखी दिसू शकतात.

म्हणूनच आपला 1998 चा लॉटरी कायदा कागदावर अडून बसलेला दिसतो. तिकीट राज्य सरकारनेच छापायचं, खरेपणा पटावा म्हणून त्यावर राज्याचं नाव आणि बोधचिन्ह हवं, सोडत सरकारनेच आणि राज्यातच काढायची. ते तिकीट तुमच्या हातात असतं, मागे तुमची सही असते. मधला माणूस ते घेऊन बसलेला नसतो.

परदेशी लॉटरीचा प्रश्न तर कायद्यानेच निकालात काढलाय. परकीय चलनाच्या 2000 सालच्या नियमांत, भारतातून कशासाठी पैसे बाहेर पाठवायचेच नाहीत, याची यादी आहे. बंदी घातलेल्या मासिकांच्या पंगतीत तिथे लॉटरीची तिकिटंही बसली आहेत. तेव्हा ॲप कितीही सच्चं असो, कर्वेनगरातून त्याला पैसे पाठवणं बेकायदाच.

आणि तिकीट न काढताच पंचवीस लाख लागल्याचा निरोप व्हॉट्सॲपवर आला, वर ‘प्रोसेसिंग फी’ मागितली, तर एक रुपयाही पाठवू नका. पाठवून बसला असाल, तर लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.